उलटी डिचोली

टेबलावर लिनोचा, म्हणजे ठसे कोरायच्या लिनोलियमचा, तुकडा आहे, शेजारी कोरणी. आज यावर एकच शब्द कोरायचा: डिचोली. गोव्यातल्या आमच्या गावाचं नाव.

ठसा कागदावर उमटताना डावं उजवीकडे जातं. म्हणून सुलट अक्षर हवं तर ते उलटं कोरायचं. ऐकायला सोपं. देवनागरी कोरायला बसलं की त्यातली मेख कळते. शिरोरेघ बिचारी वरच राहते, ती दगा देत नाही. दगा देते वेलांटी. पहिली वेलांटी आरशात पाहा, हुबेहूब दुसरी दिसते. दुसरी पाहा, तर पहिली. 'डिचोली'त दोन्ही आहेत. माझ्या पहिल्या लिनोवर ड नीट उलटा कोरला गेला, वेलांटी मात्र हाताने सवयीने 'ड'च्या अलीकडेच कोरली. छाप उमटली ती 'डीचोली'! कोरून काढलेला लिनो परत भरता येत नाही.

जपानी लाकूडठशांचे कारागीर यावर सुंदर तोड काढत. चित्र पातळ कागदावर काढून तो कागद लाकडावर पालथा चिकटवायचा. रेघा पाठीमागून उलट्या दिसतात, त्यांवरून कोरायचं. आम्ही ट्रेसिंग पेपर पालथा घालतो, कल्पना तीच.

छापखान्यातला खिळा म्हणजेही उलटं अक्षरच. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली इथेच, जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात आला. साठ वर्षांनी गोव्यातल्याच रायतूरला इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. ओव्या मराठी, अक्षरं रोमन, कारण देवनागरी खिळेच नव्हते. स्टीफन्सना ते हवे होते. १६०८ च्या पत्रात ते लिहितात की या लिपीला सुमारे सहाशे साचे लागतील. काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, प्रत्येकाचा साचा वेगळा. ते साचे पाडायची परवानगी त्यांनी मागितली होती. पहिला छापखाना आमच्याकडे, आणि मराठी ओवीला मात्र स्वतःचं अक्षर नाही, ही गोष्ट मला अजून टोचते.

म्हणून हा एक शब्द.

रोलरने काळी शाई लावली. वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला, वेलांटीवर जरा जास्तच. आता डाव्या कोपऱ्यातून कागद उचलायचा.

आधी 'ली'. मग 'चो'. मग 'ड', आणि त्याच्या अलीकडे, पहिली वेलांटी.