समासातला प्रश्न

(दृश्य : ग्रंथालयातलं टेबल. उघडं जर्मन पुस्तक, शेजारी जाडजूड शब्दकोश.)

पहिल्याच वाक्यात तिने तिसऱ्यांदा शब्दकोश उघडलाय.

परक्या भाषेतलं साहित्य शिकणाऱ्यांचा बराच वेळ असाच जातो. शब्द अडतो, सापडतो, वाक्य लागतं, हायसं वाटतं. आणि घोटाळा तिथेच होतो. अर्थ लागला म्हणजे वाचून झालं, असं वाटायला लागतं. पुढचा विचार मग तयार नोट्सकडून उसना घेतला जातो.

तिच्यापुढे जर्मनमध्ये लिहिणाऱ्या फ्रान्झ काफ्काची १९१५ साली प्रसिद्ध झालेली कथा आहे, ‘डी फेरवांडलुंग’, म्हणजे रूपांतर. ग्रेगोर सामसा सकाळी जागा होतो, तो ‘उन्गेत्सीफर’ होऊनच. नोट्समध्ये एका शब्दात उत्तर असतं : किडा. शब्दकोश मात्र घुटमळतो. कीड, उपद्रवी जीवजंतू, असं काहीबाही सांगतो. शब्दाचं जुनं मूळ तर बळी द्यायलाही न चालणाऱ्या, अशुद्ध जनावरापर्यंत जातं.

मग ग्रेगोर नेमका झालाय तरी काय? मुखपृष्ठावर किड्याचं चित्र काढू नका, दुरूनसुद्धा दाखवू नका, असं खुद्द काफ्काने प्रकाशकांना कळवलं होतं. कथेत त्याला ‘शेणकिडा’ म्हणते ती घरची मोलकरीण. म्हणजे नाव ठेवणारं कुणीतरी दुसरंच आहे! इथून खरं वाचन सुरू होतं. घरच्यांच्या नजरेत तो कधीपासून असा होता? पगार आणत होता, तेव्हाही?

(दृश्य : वर्गात चर्चा. काही हात अर्धवट वर.)

अर्थापाशीच थांबणं, पुढचा विचार उसना घेणं, हे सगळं भाषा कच्ची असल्यामुळे होतं, असं मला वाटत नाही. केंब्रिज विद्यापीठात समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी कवींची नावं झाकून विद्यार्थ्यांना तेरा इंग्रजी कविता वाचायला दिल्या. १९२९ साली त्यांनी या प्रयोगावर पुस्तक लिहिलं. इंग्रजीच शिकणारी ती मुलं, पण कितीतरी जण साध्या अर्थापाशीच अडखळली होती; कुणी ठरावीक साच्यातल्या प्रतिक्रिया दिल्या होत्या.

परक्या भाषेच्या वर्गात याला एका भीतीची जोड मिळते. व्याकरण चुकेल म्हणून मत मांडायचंच नाही. मनात असतो गुंतागुंतीचा मुद्दा, तोंडून निघतं पाठ्यपुस्तकातलं सोपं वाक्य. अशा वेळी आधी मातृभाषेत वाद घालू द्यावा, लिहिणं नंतर. भाषेच्या चुका दुसऱ्या खर्ड्यात सुधारता येतात.

(दृश्य : पुन्हा तेच टेबल. शब्दकोश मिटलेला.)

तिने पहिलं वाक्य पुन्हा वाचलंय. अस्वस्थ स्वप्नं, अक्राळविक्राळ, उन्गेत्सीफर : मूळ जर्मनमध्ये तिन्ही शब्दांची सुरुवात ‘उन्’ने, नकाराच्या त्याच उपसर्गाने. तिघांखाली पेन्सिलची रेघ आहे. आणि समासात, तिच्या स्वतःच्या भाषेत, लिहिलंय : “हे कोण म्हणतंय?”