कोणत्या सालचं इंजिन खरं?

श्रोतेहो, नमस्कार. जुन्या आगगाड्या जपणाऱ्यांमध्ये एक वाद कायम धुमसत असतो. गाडी इतिहासाला धरून ठेवायची, की लोक गर्दी करतील अशी सजवायची?

‘फ्लाइंग स्कॉट्समन’चंच बघा. १९२३ साली डाँकास्टरच्या कारखान्यात बांधलेलं हे इंजिन लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते उजळ हिरव्या रंगात, ४४७२ या क्रमांकासह. ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयानं २००४ मध्ये ते विकत घेतलं. प्रदीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ मध्ये ते धावलं, पण गडद हिरव्या रंगात आणि ६०१०३ हा क्रमांक लावून. अनेकजण हिरमुसले. संग्रहालयाचा निर्णय मला मात्र पटतो. या इंजिनाला दुहेरी धुराडं मिळालं १९५० च्या दशकाच्या अखेरीस, आणि धूर वर वळवणारे बाजूचे पत्रे १९६१ मध्ये. दुरुस्तीनंतरही या दोन्ही गोष्टी इंजिनावर आहेत, आणि नियमित सेवेत असताना त्यांच्या जोडीला तो उजळ रंग कधीच नव्हता. त्यातही १९४७ मध्ये नव्या धाटणीचा बॉयलर बसवून इंजिनाचा वर्गच बदलला होता. मग ‘मूळ’ म्हणायचं कशाला? कामातलं इंजिन दर मोठ्या दुरुस्तीत थोडं थोडं बदलतच असतं, आणि ते बदल हाच त्याचा इतिहास आहे.

स्टीफन्सन पितापुत्रांचं ‘रॉकेट’ १८२९ ची रेनहिलची इंजिनांची स्पर्धा जिंकलं तेव्हा त्याचे सिलिंडर चांगलेच तिरके होते. ते १८६२ मध्ये संग्रहालयात पोहोचलं, तोवर सिलिंडर जवळजवळ आडवे झाले होते. सुदैवानं कुणी ते उलटं फिरवलं नाही. मूळ इंजिन तसंच ठेवलं आणि वाफेवर धावायला १९७९ मध्ये प्रतिकृती बांधली. मला यापेक्षा चांगला मार्ग दिसत नाही.

पैशाला नावं ठेवायचा माझा मुळीच हेतू नाही. वेल्समधली टॅलीलिन रेल्वे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगात पहिल्यांदाच. अशा मार्गांना प्रवासी लागतातच, कारण बॉयलरची दुरुस्ती नुसत्या प्रेमावर होत नाही. ‘ओल्टन हॉल’ या ग्रेट वेस्टर्न रेल्वे कंपनीच्या हिरव्या इंजिनाला एका चित्रपटमालिकेसाठी लाल रंग दिला. इतिहासाच्या दृष्टीनं चूकच, पण रंग खरवडता येतो. त्यानं मुलं गाडीकडे वळत असतील तर खुशाल द्यावा.

माझा जीव तुटतो तो जुन्या डब्यावर करवत चालते तेव्हा. कप्प्यांच्या भिंती काढून जेवणाची टेबलं मांडली की ते लाकूड, त्यावरचं जुनं वार्निश, सुताराच्या खुणा, सगळं गेलं. असा डबा हवाच असेल तर नवा बांधा. ‘टोर्नेडो’ हे वाफेचं इंजिन २००८ मध्ये पूर्ण झालं, कारण त्या वर्गातली सगळी ४९ इंजिनं भंगारात गेली होती. ते स्वतःला जुनं म्हणवत नाही, तरी लोक त्याच्या गाडीची तिकिटं काढतात.

आणि फलाटावर एक पाटी जरूर लावा: बॉयलर अमुक सालचा, रंग तमुक काळातला, आसनं नवी. तिकीट काढून आलेल्या माणसाचा तो हक्क आहे.