केबिनचं पार्टिशन वरपर्यंत का जात नाही?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘मॉड्युलर पॅनेल : निवड आणि जोडणी’. तो संयोजकांनी ठरवलाय. मला विचारलं असतं तर मी नुसतं ‘फट’ एवढंच छापा म्हटलं असतं, पण मग तुम्ही आला नसता. निवड आणि जोडणी सांगणार आहे, शब्द दिलाय. त्याआधी माझी एक जुनी तक्रार आहे, ती ऐकून घ्यावी लागेल. समोर बरेच जण आमच्याच धंद्यातले दिसतायत, मागच्या रांगेत दोन-चार मिस्त्री ओळखीचे आहेत, आणि उरलेले बहुधा पुढच्या गाण्याच्या कार्यक्रमाची जागा धरून बसलेत. हरकत नाही.

मध्यंतरी गुडघा दाखवायला एका मोठ्या हॉस्पिटलात गेलो होतो. नाव सांगत नाही. ओपीडी नवी कोरी, एका ओळीत डॉक्टरांच्या केबिन, समोर बाकडी. माणूस पेशंट झाला तरी आतला कॉन्ट्रॅक्टर कुठे जातो? बसायच्या आधी पार्टिशनवर बोटाने टकटक करून पाहिलं. भरीव आवाज आला. म्हणजे दोन्हीकडे साडेबारा मिलिमीटरचं जिप्सम बोर्ड, मध्ये रॉकवूल म्हणजे आवाज अडवणारी दगडी लोकर, पावडर कोटिंगचे ॲल्युमिनियम सेक्शन, सांध्यात गास्केट म्हणजे रबराची पट्टी. सांधे असे की नख जाणार नाही. मनात म्हटलं, वा, यांनी पैसा खर्च केलाय. आणि बाकावर बसलो.

बसतो न बसतो तोच डोक्यावरून डॉक्टरांचा आवाज. “रोज होते का?”

आतला माणूस म्हणाला, “होते तशी. पण समाधान होत नाही.”

(हशा)

तुम्ही हसताय. आम्ही बाकावरचे पंधरा-वीस जण हसू शकत नव्हतो, कारण आमचाही नंबर येणार होता. पुढे मग तपशील आला. किती वाजता होते, चहाच्या आधी की नंतर, प्रवासात काय होतं, मुलीच्या लग्नात काय झालं होतं. डॉक्टरांनी इसबगोल सांगितलं. माझ्या शेजारी एक बाई होत्या, त्यांनी लगेच नवऱ्याला कोपर मारलं, “ऐकलंत ना? कोमट पाण्यातून.” फुकट सल्ला, नंबर न लावता. थोड्या वेळाने दार उघडून सफारी घातलेले एक भारदस्त गृहस्थ बाहेर आले आणि सबंध बाकाने एकदम मोबाइलमध्ये डोकं घातलं.

इथपर्यंत ठीक होतं. नंतर आत गेली ती एक तरुण मुलगी होती, एकटीच आलेली. तिचं काय होतं ते मी सांगणार नाही. मला ते कळायला नकोच होतं, आणि बाकावरच्या कुणालाच नको होतं. ती बाहेर आली तेव्हा तिने आमच्याकडे पाहिलं, आणि आपलं सगळं ऐकू गेलंय हे तिच्या लक्षात आलं. त्या भिंतीवर किती पैसे घातलेत हे मला अंदाजाने ठाऊक होतं. त्या पैशात त्या मुलीला काय मिळालं?

गुडघा राहिला बाजूला, मी वर पाहिलं. पॅनेल फॉल्स सीलिंगला जाऊन थांबलेलं. तिथे एक सुपरवायझर फिरत होता, त्याला विचारलं, “अहो, या सीलिंगच्या वर काय आहे?” तो म्हणाला, “वर काही नाही सर.”

तीच तर माझी तक्रार आहे! वर काही नाही! खालच्या आठ फुटांत पार्टिशन, आणि वर स्लॅबपर्यंत अडीच-तीन फूट मोकळं रान, सगळ्या केबिनना सामाईक. सीलिंगच्या दोन बाय दोनच्या फरशा मिनरल फायबरच्या, एका हाताने वर ढकलता येतील इतक्या हलक्या. त्यात दिव्यांची भोकं, त्यात एसीची हवा परत ओढणाऱ्या जाळ्या. आवाजाला पार्टिशन फोडायची गरजच काय? तो जाळीतून वर चढतो, रान ओलांडतो आणि शेजारच्या जाळीतून खाली उतरतो. आम्ही इकडे पॅनेलात कुठलं रॉकवूल घालायचं यावर भांडत बसतो.

असं का होतं, तर निविदेच्या कागदावर पार्टिशनच्या पुढे ‘फॉल्स सीलिंगपर्यंत’ असं लिहिलेलं असतं. पार्टिशनवाला तिथे थांबतो. सीलिंगवाला म्हणतो माझं काम फरशीचं. एसीवाला म्हणतो हवा परत यायला रस्ता ठेवा म्हणजे झालं. वरचे तीन फूट कुणाच्याच बापाचे नसतात. तिथे पॅनेल न्यायचं तर चौरस फूट तिसऱ्या हिश्शाने वाढतात, शिवाय डक्ट, केबल ट्रे, पाण्याचे पाइप यांच्याभोवती कापाकापी. मिस्त्रीचे दोन दिवस तिथे जातात आणि ते काम कुणाला दिसत नाही. उद्घाटनाला फीत कापणारा कधी सीलिंगच्या वर डोकावतो का?

आणखी एक कारण आहे, ते जरा सभ्य आहे. मॉड्युलर विकताना पहिलं वाक्य असतं, ‘साहेब, उद्या ले-आउट बदललं तर उचलून दुसरीकडे लावता येतं.’ आता उचलता यायचं असेल तर सीलिंग आधी सलग करून घ्यावं लागतं आणि पार्टिशन त्याच्या खाली उभं करावं लागतं. स्लॅबपर्यंत नेलंत की ते अडकलं. म्हणजे जो गुण सांगून माल विकला, त्याच गुणाने खोली बोंबलली. हे दोन्ही एकदम मिळत नाही, आणि हे गिऱ्हाइकाला कुणी सांगत नाही. बरं, किती लोक उचलतात? पॅनेलात बसवलेली टफन्ड ग्लास एकदा भट्टीतून निघाली की कापता येत नाही. नव्या जागेत सीलिंग दोन इंच खाली असलं की त्या काचा भंगारात.

आता पॅनेलचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेची गोष्ट सांगतो. अध्यक्ष घड्याळ बघतायत, पण छोटी आहे.

मिशिगनमध्ये झीलँड नावाचं गाव आहे. तिथली हर्मन मिलर ही फर्निचर कंपनी. तिच्या संशोधनाचं काम रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या माणसाकडे होतं. हा मूळचा कला शिकवणारा, शिल्पं करणारा. ऑफिसात माणूस दिवसभर एका टेबलाशी बांधून ठेवलेला असतो हे त्याला बघवेना. १९६४ साली त्याने जॉर्ज नेल्सन या नावाजलेल्या डिझायनरला घेऊन ‘ॲक्शन ऑफिस’ नावाचं ऑफिस-फर्निचर काढलं. उभ्याने काम करायचं टेबल, शेल्फ, सगळं देखणं. देखणं होतं आणि महाग होतं, त्यामुळे फारसं खपलं नाही. मग १९६८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, यात मात्र नेल्सनचा हात नव्हता. हलकी उभी पॅनेलं, त्यांनाच टेबल आणि शेल्फ टांगायची, आणि पॅनेलं एकमेकांना १२० अंशांत जोडायची. म्हणजे माणूस अर्धा झाकलेला, अर्धा मोकळा. कल्पना फारच सुंदर.

घेणाऱ्यांनी काय केलं? १२० चा कोन काढून ९० चा केला, कारण चौकोनी मजल्यावर चौकोनी खुराडी जास्त बसतात. आमच्याकडच्या सुताराचा गुण्यासुद्धा ९० चाच असतो, त्याला १२० सांगितलं की तो आधी आपल्याकडे बघतो आणि मग चहाला जातो. त्यात तिकडच्या कराची भर. फर्निचरचा घसारा, म्हणजे वस्तू झिजते म्हणून करात मिळणारी वजावट, भराभर मिळतो, इमारतीचा रडतखडत. आजच्या नियमात फर्निचर ७ वर्षांत, ऑफिसची इमारत ३९ वर्षांत. हलवता येणारं पॅनेल फर्निचरमध्ये बसवलं की हिशेबनीस खूश. प्रॉप्स्ट २००० साली गेला, त्याआधी त्याने स्वतःच त्या खुराड्यांच्या रांगांना वेडेपणा म्हटलं होतं.

ही गोष्ट सांगितली अशासाठी, की त्या पॅनेलांनी वर जाण्याचा दावा कधी केलाच नव्हता. ती छातीपर्यंत, फार तर डोक्यापर्यंत. बसलेला माणूस दिसू नये एवढंच त्यांचं काम. आपण त्याच घराण्यातल्या वस्तूला वर काच लावली, दार लावलं, ‘केबिन’ म्हटलं आणि तिच्याकडून गुपित राखायची अपेक्षा केली. सरकारी ऑफिसातली जुनी केबिन बरी होती. कमरेपर्यंत प्लाय, वर खरबरीत काच, झुलणारं अर्धं दार. साहेब आत काय बोलतात ते सगळ्यांना ऐकू येतं हे साहेबांनाही माहीत असायचं, त्यामुळे महत्त्वाचं बोलायचं असलं की ते जिन्यात यायचे.

(हशा. इथे अध्यक्षांनी वक्त्यांच्या हाती वेळेची चिठ्ठी दिली.)

दहा मिनिटं? बरं. आता निवड आणि जोडणी. लिहून घ्या, मी भराभर सांगतो.

पहिला हिशेब. भिंत धरा दहा फूट बाय आठ फूट, म्हणजे ८० चौरस फूट. त्यात तीन फुटी दार आणि दाराखाली चार सूत फट, अर्धा इंच. ही फट झाली १८ चौरस इंच. सगळ्या भिंतीच्या साधारण ०.१६ टक्के. आता पॅनेलवाल्याने ४५ डेसिबल अडवणारं पॅनेल दिलं. फट धरून सबंध भिंतीचा हिशेब केलात तर उत्तर येतं २८. आणि ३५ चं स्वस्त पॅनेल लावलं असतं तर? २७ आणि वर थोडं. दोन्हींत एका डेसिबलचाही फरक नाही. भोक पडलेल्या मच्छरदाणीचं कापड कितीही भारी घ्या, डास भोकातूनच येणार. भोक एक टक्क्याचं असेल तर भिंत किल्ल्याची असली तरी २० च्या पुढे जात नाही. म्हणून पैसे आधी दारावर घाला, मग पॅनेलवर. दाराच्या खालच्या कडेत बसणारं ड्रॉप सील मिळतं. बिजागरीच्या बाजूला एक छोटं बटण असतं, दार मिटताना ते चौकटीवर दाबलं जातं आणि रबराची पट्टी खाली उतरते. मी एक नमुना आणलाय, नंतर हातात घेऊन बघा. फक्त खालची जमीन लेव्हलला हवी, नाहीतर पट्टी एका टोकाला टेकते आणि दुसऱ्या टोकाला लोंबते. फ्रेमलेस काचेच्या दाराला मात्र हे काहीच नीट जमत नाही. चारही बाजूंनी फट, आणि वर तिला ‘स्लीक’ म्हणायचं.

दुसरं, काच. १२ मिलिमीटरची काच चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे वजनाला उत्तम, आणि वजन दुप्पट केलं की साधारण ५-६ डेसिबल जास्त अडतात हा नियम आहे. पण या काचेची एक खोड आहे. ती १००० हर्ट्झच्या आसपास स्वतःच थरथरते आणि आवाज पुढे पाठवते. माणसाचं बोलणं नेमकं त्याच पट्ट्यात कळतं. यावर उपाय लॅमिनेटेड काच, दोन काचांमध्ये पीव्हीबी या लवचीक प्लास्टिकचा थर. तो थरथर खातो. एचआरची केबिन असेल तर हीच घ्या.

तिसरं, वरचे तीन फूट. हलवायचं असेल तर ते पॅनेल हलवा, पण सीलिंगच्या वर, त्याच रेषेत, स्लॅबपर्यंत जिप्समचा पडदा वेगळा बांधा, आणि पाइपभोवतीची भोकं भरून घ्या. उद्या केबिन हलली तर तो पडदा तोडायचा, बोर्डाचा खर्च काही फार नसतो. हा पडदा बांधलात की एसीचा परतीचा रस्ता बंद होतो, म्हणून आतून अस्तर लावलेला वाकडा डक्ट द्या. सरळ भोक पाडू नका, तिथून परत सगळं ऐकू येईल. आणि केबिन बंदिस्त केली की स्प्रिंकलर आणि स्मोक डिटेक्टर आत स्वतंत्र लागतात, हे इंटिरियरवाले फायरवाल्याला शेवटच्या आठवड्यात सांगतात. आधी सांगा.

चौथं, खिडकी. पार्टिशन बाहेरच्या काचेला जिथे मिळतं तिथे उभी फ्रेम आहे का बघा. नव्वद टक्के ठिकाणी ते काचेच्या मधोमध जाऊन आदळतं आणि राहिलेल्या बोटभर जागेत कुणीतरी फोम कोंबून वर सिलिकॉन मारतं. प्लॅन काढतानाच पार्टिशन फ्रेमच्या रेषेत घ्या. खोली सहा इंच लहान झाली तरी चालेल.

टॉयलेटच्या क्युबिकलचा प्रश्न कुणीतरी चिठ्ठीवर पाठवलाय. तिथे उलट, खाली सहा इंच मोकळं ठेवायचंच, फरशी धुता येते आणि कुणी आत पडलं तर कळतं. बोर्ड १२ मिलिमीटरचं कॉम्पॅक्ट लॅमिनेट घ्या, क्राफ्ट पेपर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून दाबलेलं असतं, पाण्याने फुगत नाही. एमडीएफवर सनमायका मारून कुणी स्वस्तात देत असेल तर खालची कड दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत पावासारखी फुललेली दिसेल. स्क्रू आणि पाय स्टेनलेस, ३०४ ग्रेडचे.

शेवटचं, बिल पास करायच्या आधी. कॅटलॉगमधला आकडा प्रयोगशाळेतल्या पॅनेलचा असतो, तुमच्या साइटवर तो तेवढा येत नाही. म्हणून संध्याकाळी अंधार पडल्यावर जा. केबिनमधले दिवे चालू ठेवा, बाहेरचे बंद करा, दार लावून बाहेर उभे राहा. दाराखाली, चौकटीत, खिडकीच्या कडेला जिथून उजेड येतो तिथे पेन्सिलीने खूण करा. मग आत मोबाइलवर बातम्या लावा आणि बाहेरच्या बाकावर बसा. वाक्यं कळत असतील तर पार्टिशनवाल्याला, सीलिंगवाल्याला आणि एसीवाल्याला एकाच वेळी बोलवा. एकेकट्याला बोलावलंत तर प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव सांगेल. तिघेही येईपर्यंत बिलातले राखून ठेवलेले दहा टक्के सोडू नका.