हा ओ आहे का शून्य?

हा चौकोन बघा. वाकडी अक्षरं, एकमेकांत अडकलेली, वरून एक रेघ ओढलेली, आणि आपण डोळे बारीक करून बघतोय की हा ओ आहे का शून्य. तिकडे तत्काळचं तिकीट निघून चाललंय.

समोर माणूस आहे की मशीन हे ओळखायला वेबसाइट घालते त्या या कोड्याची, म्हणजे कॅप्चाची, सुरुवात स्पॅममधून झाली. १९९७ साली अल्टाव्हिस्टा हे मोठं सर्च इंजिन होतं, आणि लोक प्रोग्राम लावून आपल्या साइटचे पत्ते त्यात धडाधड घुसवायचे, म्हणजे शोधलं की पहिलं आपलंच दिसावं. तिथल्या इंजिनियर मंडळींनी मग काय केलं, तर स्कॅनरचं माहितीपुस्तक उघडलं. मजकूर मशीनला नीट वाचता यावा म्हणून काय काय करा ते त्यात लिहिलेलं, यांनी बरोबर त्याच्या उलट केलं! अक्षरं तिरकी, फॉन्ट वेगवेगळे, मागे नक्षी. मशीन अडलं, माणूस गेला पुढे. मला हे फार आवडतं.

पुढे फुकट ईमेलची खाती बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, उघडायला लागले तेव्हा कार्नेगी मेलन विद्यापीठात मॅन्युएल ब्लम आणि त्यांचा विद्यार्थी लुईस फॉन आन यांच्या टीमने हेच आणखी पक्कं केलं आणि नाव दिलं कॅप्चा.

पण स्पॅमवाल्यांनी मशीन सुधारत बसण्यापेक्षा सरळ माणसंच कामाला लावली, आपल्याकडची, बांगलादेशातली, चीनमधली. २०१० च्या आसपास भाव होता हजार कॅप्चाला साधारण एक डॉलर, म्हणजे तेव्हाचे पंचेचाळीस-पन्नास रुपये. एकाला दहा सेकंद धरा, झाले पावणेतीन तास, डोळे न हलवता. 'घरबसल्या टायपिंग करून कमवा' या जाहिराती आठवतात? त्यातल्या कितीतरी याच कामाच्या होत्या, आणि ते करणाऱ्या पोरांना आपण कोणासाठी कुलूप उघडतोय हे कोणी सांगितलंही नसेल.

म्हणून मला दुसरी युक्ती जास्त पटते. फॉर्ममध्ये एक रकाना लपवून ठेवायचा. माणसाला तो दिसतच नाही, साधा बॉट मात्र दिसेल ते भरत सुटतो, तोही भरतो आणि तिथेच सापडतो, आपल्याला डोळे फोडत बसायला नको. फक्त एक काळजी घ्यायची, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही ते स्क्रीन रीडरवर ऐकून फॉर्म भरतात आणि त्यांना तो लपवलेला रकानाही ऐकू येऊ शकतो, म्हणून त्यावर साध्या मराठीत लिहून ठेवायचं, हा रकाना रिकामा सोडा.