आपल्या माणसांपुढे

श्रोतेहो, नमस्कार. ख्रिस्ती बंधुभगिनींनो, प्रभूमध्ये सलाम.

येशूचं नाव परक्या माणसापुढे घ्यायला फारशी छाती लागत नाही. कोकणकन्या गाडीत शेजारी बसलेल्याशी रात्रभर देवाधर्माच्या गप्पा मारता येतात. सकाळी तो कणकवलीला उतरतो, आपण कुडाळला. छाती लागते ती घरच्या पडवीत. मोठा भाऊ सुपारी कातरत बसलेला असतो, काकी पेजेचं ताट आणून ठेवते, आणि कुणीतरी सहज विचारतं, "काय रे, तू हल्ली रविवारी खय जातस?" तिथे जीभ जड होते. ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढलो, त्यांचं मन दुखवायला नको वाटतं. या भीतीला मी भ्याडपणा म्हणणार नाही. आपल्या माणसांवर जीव असतो, म्हणूनच ती वाटते.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात अशीच एक पडवी आहे म्हणा ना. जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस. येशूने त्याच्या डोळ्यांना चिखल लावला, शिलोह तळ्यात धुऊन ये म्हणाला, आणि त्याला दिसू लागलं. आता आईबापांनी पेढे वाटायला हवेत. पण परूश्यांनी, म्हणजे यहूदी धर्मपुढाऱ्यांनी, बोलावून विचारलं तेव्हा ते म्हणाले, मुलगा आमचा, जन्मतः आंधळा होता हे खरं. आता त्याला कसं दिसतं ते त्यालाच विचारा, तो वयात आलेला आहे. कारण येशूला ख्रिस्त म्हणणाऱ्याला सभास्थानातून बाहेर काढायचं, असं आधीच ठरलेलं होतं. वाळीत टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. या आईबापांचा मला कधी राग आला नाही.

मुलगा मात्र बोलला. त्याला शास्त्र येत नव्हतं. येशू पापी आहे की नाही ते मला ठाऊक नाही, म्हणाला. एक ठाऊक आहे, मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. पुढे वाचत गेलात तर एक गोष्ट ध्यानात येईल. सुरुवातीला तो येशूला नुसता "एक मनुष्य" म्हणतो. दुसऱ्यांदा विचारल्यावर "संदेष्टा" म्हणतो. त्याला हाकलून दिल्यावर येशू त्याला शोधत येतो, तेव्हा तो "प्रभू" म्हणतो. आधी विश्वास पक्का झाला आणि मग तो बोलला, असं तिथे घडलेलं नाही. उत्तर देता देता त्याचं त्यालाच उमगत गेलं. धीर कधी येईल म्हणून वाट बघत बसलेल्यांना मी हाच अध्याय वाचायला सांगतो.

मालवणच्या किनाऱ्यावरचे एक रापणकर माझ्या ओळखीचे आहेत. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. ती ओढताना दोन्ही टोकांना माणसं लागतात, बापये, बायका, पोरं, आणि आलेल्या म्हावऱ्याचे वाटे पडतात. दोरीला हात लावणाऱ्यांत तुम्हाला जागा असणं, हीच तिथली पत. या गृहस्थांची दारू सुटली. सगळ्यांच्या नजरेत आलं. कुणी विचारलं की ते सांगायचे, डॉक्टरनी बंद केली. एका पहाटे दोरी ओढतानाच एका म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं, "खरा सांग, कोणी सोडवल्यान तुझी दारू?" ते म्हणाले, "येशूक हाक मारलंय. त्यानीच सोडवल्यान." दोरीवर कुणी काही बोललं नाही. जाळं किनाऱ्याला लागलं, तारली निघाली, वाटे पडले, यांचा वाटाही पडला. पण त्यानंतर बरेच दिवस चहाच्या टपरीवर त्यांच्या बाकावर कुणी बसत नसे. सख्खा भाऊ अजून बोलत नाही. ते रापणीला जातात, आणि विचारणाऱ्याला तेच उत्तर देतात.

आपल्याच कोकणातलं आणखी एक उदाहरण आहे. नारायण वामन टिळक दापोलीजवळच्या करजगावात १८६१ साली जन्मले. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार वाचायला सांगितला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. कवितेमुळे त्यांचं नाव झालं, पण त्या दिवसाची किंमत घरात मोजली गेली. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या त्यांच्याजवळ राहायला आल्या, तेव्हाही त्यांचं सोवळंओवळं चालूच होतं, आणि टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. जातिभेद खोटा आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतः विचार करून पटलं आणि मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी जगापुढे बोलण्याचं धाडस केलं, ते मोठंच. पण बायकोसाठी इतकी वर्षं धीर धरला, त्याचं मोल मला त्याहून जास्त वाटतं.

लोकांना राग का येतो, तेही बघायला हवं. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले, हर्णैला शाळा काढल्या, ही एक आठवण आहे. पण या किनाऱ्याला त्याआधीची पोर्तुगीज अमलातली सक्तीही आठवते. शेजारीण जेव्हा विचारते, "पैसे किती दिले गो तुका?", तेव्हा त्या प्रश्नामागे हा सगळा इतिहास असतो. त्यावर चिडण्यासारखं काही नाही. शांतपणे सांगावं, आणि आपलं घर, आपला पैसा, आपली प्रार्थना तिला दिसेल अशी उघडी ठेवावी. संविधानाच्या पंचविसाव्या कलमाने आपल्याला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा मात्र कुणाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली सांगितलं. मला त्यात अडचण वाटत नाही. साक्ष देणं आपल्या हाती आहे, हृदय बदलणं देवाच्या. आणि कुणी वाळीत टाकलंच, तर त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा कायदा आहे, हेही माहीत असू द्या.

आता चतुर्थीचं. चाकरमानी येतात, घर भरतं, आणि नव्याने विश्वासात आलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. आरतीच्या वेळी सगळ्यांदेखत हात बांधून उभं राहू नका; त्यात साक्ष कमी आणि अपमान जास्त होतो. आठ दिवस आधी घरातल्या सर्वांत वडील माणसाला गाठा. पायाशी बसा. सांगा, की मी येशूच्या मागे चाललो आहे, म्हणून आरतीला हात जोडणार नाही. पण घर सारवणं, पाहुण्यांचं अंथरूण, बाजारहाट, विहिरीचं पाणी, सगळं मी करणार. आणि मग ते खरंच करा. येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पत्रात लिहिलं आहे, आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने द्या. पेत्रानेच लिहावं हे विशेष, कारण येशूला धरलं त्या रात्री अंगणातल्या शेकोटीपाशी एका दासीने विचारल्यावर तो येशूला ओळखत नाही म्हणाला होता.

रेडिओ ऐकणाऱ्या हिंदू घरांतल्या वडीलधाऱ्यांनाही एक विनंती आहे. तुमच्या मुलाने किंवा सुनेने असं काही येऊन सांगितलं, तर त्या रात्री त्यांना जेवायला आपल्या शेजारी बसवा. रागावायचं असेल तर जरूर रागवा. पण त्यांना येशूत काय मिळालं, ते त्यांच्याच तोंडून एकदा पुरतं ऐकून घ्या.

नमस्कार.