साडेअकराची प्रेस

परभणी. टेबलावर आधी बूम येतात, म्हणजे चॅनेलवाल्यांचे माईक, माणूस मागून. एक माईक पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केलाय, दोन एकमेकांना चिकटपट्टीने बांधलेत. वेळ साडेअकराची होती, आता बारा वाजून गेलेत. दारातून कुणीतरी डोकावतं, "प्रेस सुरू झाली का हो?"

बोलताना सगळे 'प्रेस'च म्हणतात. बातमीत मात्र छापून येतं, 'पत्रकार परिषदेत सांगितले'. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. परिषद म्हटलं की जिल्हा परिषद, साहित्य परिषद, म्हणजे एखादी संस्थाच डोळ्यापुढे येते. पत्रकारांची तशी संस्थाही आहे, १९३९ सालापासूनची मराठी पत्रकार परिषद. या खोलीत मात्र पत्रकार पाहुणे आहेत. बोलावणारा दुसराच. तो आपलं म्हणणं मांडणार, मग हे विचारणार. विचारणं वगळायचं असेल तर माणसं कशाला जमवायची? प्रेसनोट पाठवली तरी भागतं.

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी १५ मार्च १९१३ रोजी शंभरावर बातमीदारांना आपल्या कार्यालयात बोलावलं. अमेरिकी अध्यक्षाची पहिली पत्रकार परिषद ती, असं मानतात. कॅमेरा बराच उशिरा आला. १९५५ साली आयझेनहॉवर यांची परिषद टीव्हीसाठी चित्रित झाली, आणि २५ जानेवारी १९६१ रोजी केनेडी यांची थेट दिसली. कॅमेऱ्याआधी लोकांना उत्तर वाचायला मिळायचं. आता उत्तराआधी घेतलेला आवंढाही दिसू लागला.

साहेब आले. हार, शाल, फोटो. वाचून दाखवायचा कागद चार पानांचा आहे, चौथं पान उलटेपर्यंत आमची एक बॅटरी संपली.

आता मागच्या रांगेत बघा. मांडीवर वही, हातात साधं पेन. "साहेब, पीक विमा आपल्या तालुक्यात किती जणांच्या खात्यावर पडला? आकडा सांगा."

साहेब शेजारच्याकडे बघतात. शेजारचा मोबाइलकडे.

"घ्या, आधी चहा घ्या."

कपबश्या येतात. बूम उचलले जातात, त्यातला एक आमचाच. बाइट, म्हणजे बातमीत दाखवायचा साहेबांच्या बोलण्याचा तुकडा, मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी बातमी लागली, प्रश्न त्यात नव्हता.

वहीवाला अजून खुर्चीतच आहे. चहा त्याच्या हातात आहे, पेनाचं टोपण उघडंच.