गाडी एका बाजूला ओढते तेव्हा
(ग्रंथालयाच्या वार्षिक व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘टायरची झीज आणि ती टाळण्याचे उपाय’. तिकडे येतोच. आधी हात वर करा पाहू, गेल्या वर्षभरात व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, कुणी कुणी करून घेतली? जवळजवळ सगळ्यांनी. आता, मशीनमधून निघालेला तो रंगीत कागद कुणी वाचला? एक हात. तो पॉलिटेक्निकमधला माझा विद्यार्थी, बिचाऱ्याला दुसरा इलाज नाही.

बाकीच्यांनी तो जन्मपत्रिकेसारखा घडी करून कप्प्यात ठेवला. लाल आकडा दिसला की घाबरायचं, हिरवा झाला की पैसे द्यायचे. माझं म्हणणं एवढंच, की अलाइनमेंट हा उपचार आहे आणि तो आपण निदान न करताच घेतो.

आमच्या मेव्हण्यांचं सांगतो. आमच्या सौ. समोरच बसल्यात, पण ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा ऐकलीय की भावाची बाजू घेणंही आता सोडून दिलंय. मेव्हण्यांनी पुढचे दोन्ही टायर नवे घातले आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. पहिल्या दुकानात अलाइनमेंट झाली. कागद हिरवागार, गाडी डावीकडेच. दुसरा म्हणाला, ‘कॅम्बर आउट आहे,’ म्हणजे समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर कललंय, आणि दर चाकामागे वेगळे पैसे घेतले. आता गंमत ऐका. आपल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा टो, म्हणजे वरून पाहिलं तर चाकांची तोंडं किती आत-बाहेर वळलीत ते, तेवढा कंपनीनं जुळवता येण्याजोगा ठेवलेला असतो. कॅम्बर जुळवायची सोयच नसते. मग ह्यांनी जुळवलं काय? तर जॅक लावून स्ट्रट, म्हणजे चाकावरचा शॉक ॲब्सॉर्बरचा खांब, दाबला. तिसऱ्यानं लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून गाडीशी जोडणारे दांडे, बदलले. जुन्यांत काही खोट होती का, ते मेव्हण्यांनी विचारलं नाही आणि त्यानं दाखवलं नाही.

शेवटी गाडी माझ्या दारात आली. मी पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल केले. बाण असलेले, म्हणजे एकाच दिशेनं फिरणारे टायर असे बदलायचे नसतात. हे साधे होते. फेरी मारली, तर गाडी उजवीकडे ओढू लागली! मेव्हणे म्हणतात, ‘म्हणजे आता उजवीकडची अलाइनमेंट बिघडली?’ अहो, टायरच्या आतला पट्टा बनवतानाच जरा सरकलेला असला, तर टायर किंचित शंकूसारखा चालतो आणि गाडीला एका बाजूला नेतो. खोट टायरमध्ये होती. टायर बदलून मिळाला. लोअर आर्मचे पैसे कुठले मिळायला!

डावीकडे ओढण्याची तक्रार आपल्याकडे जास्त, त्याला आणखी एक कारण आहे. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये उंच बांधतात, कडेकडे शंभराला दोन-अडीच इतका उतार. आपण डाव्या बाजूनं चालतो, म्हणून स्टेअरिंगवरची पकड सैल केली की गाडी हळूहळू डावीकडे झुकते. जर्मनीत ती उजवीकडे झुकते. मुंबई-गोवा महामार्गावर मात्र हे तपासायला जाऊ नका, तिथे गाडी खड्डा नेईल तिकडे जाते.

जर्मनीवरून आठवलं. वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, नाहीतर चाकं फरफटतात. ही युक्ती घोडागाडीसाठी म्युनिकच्या लँकेनस्पर्गरनं १८१७ च्या सुमारास काढली. लंडनमधला त्याचा प्रतिनिधी रुडॉल्फ ॲकरमन, ज्याचा मूळ धंदा छापील चित्रांचा, त्यानं १८१८ मध्ये तिथं पेटंट घेतलं. आज पुस्तकांत नाव ॲकरमनचं! मी तोंडी परीक्षेत मुद्दाम मूळ माणसाचं नाव विचारायचो. मुलं अजून शिव्या देत असतील.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, झीज.

टायर दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, मधोमध झिजला तर हवा जास्त. एकाच कडेला झिजला तर कॅम्बर किंवा टो. टो ओळखायला मशीन लागत नाही. तळवा टायरवर आडवा फिरवा, आधी आत, मग बाहेर. एका दिशेनं गुळगुळीत आणि उलट दिशेनं खरखरीत लागलं की टो बिघडलाय. टायर नुसता लोळत नाही, आडवाही घासला जातो. एक अंश फरक असेल, तर दर किलोमीटरला साडेसतरा मीटर! ऐंशी-शंभरच्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं, ते बहुधा बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचं काम, अलाइनमेंटचं नव्हे.

अलाइनमेंटच्या आधी थंड टायरची हवा दारावरच्या आकड्याप्रमाणे करून घ्या. टाय रॉड (चाक वळवणारी दांडी) एंड, बॉल जॉइंट, बुश, म्हणजे चाकाकडचे सांधे आणि रबरी आधार, हलवून बघायला सांगा. ते ढिले असतील तर जुळवलेला टो पहिल्या खड्ड्यापर्यंत टिकतो. स्टेअरिंग सरळ करायला कुणी ते काढून दात सरकवून बसवत असेल, तर थांबवा. चाकं सरळ धरून दोन्ही टाय रॉड जुळवायचे असतात. रॅकचं, म्हणजे स्टेअरिंगच्या दातेरी दांडीचं, रबर फाटलं असेल तर लगेच बदला, धूळ-पाणी आत गेलं की रॅकच जातो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवू नका, जरा सरकू द्या. खड्ड्यात ब्रेक दाबून उतरू नका, ब्रेक आधी मारा आणि उतरताना सोडा.

एक प्रश्न आलाय, नायट्रोजन भरावा का? साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. फुकट मिळाला तर भरा, पैसे द्यायचे असतील तर दाबमापक घ्या आणि महिन्यातून एकदा घरीच लावून बघा. पंपावरच्या मापकाचं कसं असतं, ते चहा घेताना सांगतो.